लख्ख ताट

पहिला पिझ्झा माझ्यापुढे आला. तो नेहमी आधी माझ्याचपुढे यायचा. त्या दिवशी माझ्या सुनेचं डोहाळजेवण होतं. चार टेबलं जोडून वीस बायका बसल्या होत्या, मधोमध केतकी फुलांचे दागिने घालून बसली होती, तरी शेंडेभाऊंनी स्वतःच्या हातानं ताट आणून ठेवलं ते माझ्यासमोर. "बाई, तुम्ही सुरुवात करा," म्हणाले आणि दोन पावलं मागं सरून उभे राहिले.

मी तुकडा उचलला. चीज तुटता तुटेना. बोटाला गुंडाळून ते तोडलं आणि घास तोंडाजवळ नेला तसा तो वास आला. ओलं पोतेरं दोन दिवस मोरीत कोंबून ठेवल्यावर येतो तसला, आंबूस आणि कुबट.

केतकी माझ्याकडे झुकली. "आई, याला वास येतोय," ती हळूच म्हणाली.

"सातव्या महिन्यात सगळ्यालाच वास येतो," मी म्हटलं आणि घास तोंडात टाकला.

या गोष्टीला आता तेरा वर्षं होतील. तो घास कधीच पोटात गेला, पण ते वाक्य आठवलं की मला अजून स्वतःची शिसारी येते.

मी फलटणच्या एका कन्याशाळेत एकतीस वर्षं गृहविज्ञान शिकवलं. खराब झालेलं अन्न कसं ओळखावं हा धडा दरवर्षी मुलींना शिकवायचे. आधी डोळे, मग नाक, आणि शंका आली तर जीभ लावायचीच नाही. तालुक्यातल्या पाककृती स्पर्धांना मला परीक्षक म्हणून बोलवायचे. हे मिरवायला सांगत नाही. माझ्या नाकात काही बिघाड नव्हता एवढं कळावं म्हणून सांगतेय.

पण बाई होण्याआधी मी माझ्या आईची मुलगी होते. आमच्याकडे अन्नाला नावं ठेवणं म्हणजे पाप. पानात टाकलं तर तेच पान संध्याकाळी पुन्हा पुढ्यात यायचं. कुणाकडे जेवायला गेलो की वाढलेलं निमूट संपवायचं आणि निघताना छान झालं होतं म्हणायचं. ती सवय मी सासरीही घेऊन आले. जगदाळ्यांची सून ताट घासायला ठेवते की घासून ठेवते, असं माझे सासरे पाहुण्यांना कौतुकानं सांगायचे. मला त्याचा फार अभिमान होता.

शेंडेभाऊ म्हणजे अंकुशराव शेंडे. साखर कारखान्यातली नोकरी मुदतीआधी सोडून त्यांनी आमच्या कॉलनीच्या कोपऱ्यावर पिझ्झाचं दुकान काढलं. त्या वेळी फलटणात पिझ्झा ही पोरांनी टीव्हीवर बघायची गोष्ट होती. दुकानाला बायकोचं नाव दिलं, 'इंदूमती पिझ्झा गार्डन'. गार्डन म्हणजे हिरवी प्लॅस्टिकची चटई, चार कुंड्या आणि एक कारंजं. इंदू माझी मैत्रीण. ती भट्टीजवळ उभी राहायची, प्रत्येक पाकीट फोडून नाकाला लावायची, जरा शंका आली की डेअरीवाल्याला आल्या पावली परत पाठवायची. पुण्याच्या तोडीचं काही नव्हतं ते, पण गरम असायचं, स्वच्छ असायचं आणि माणसाला खाववायचं.

पहिलं वर्ष सरलं आणि इंदूला कॅन्सर निघाला. आठ महिन्यांत ती गेली.

तेराव्यानंतर आठच दिवसांत शेंडेभाऊंनी शटर उघडलं. आमच्या सगळ्या कॉलनीला गलबलून आलं. आता यांना आपणच सांभाळायचं, असं नलूताई भोईटेंनी ठरवलं आणि दर गुरुवारी आम्ही पाच-सहा बायका तिथं जायला लागलो. तेव्हापासून आमच्या तोंडाचा छळ सुरू झाला.

काय काय सांगू. टेबलावरच्या रेक्झिनला कोपर चिकटायचं आणि उचलताना आवाज यायचा. सॉसच्या बाटलीच्या तोंडाशी काळी खपली धरलेली. कारंज्याचं पाणी हिरवं होऊन त्यात डासांची पिलावळ. खालची पोळी कडेनं करपलेली आणि मध्ये पिठूळ, दातांच्या फटीत कणीक बसायची. सिमला मिरची बुळबुळीत. आणि ते चीज. उन्हाळ्यात सहा-सहा तास वीज जायची, फ्रिजमधलं चीज वितळायचं, वीज आली की गोठायचं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेंडेभाऊ ते तसंच वापरायचे. घशाखाली उतरताना ते घशाला धरून राहायचं, वरून पाणी प्यावं तर ग्लासाला कच्च्या अंड्याचा वास.

मी सगळं खायचे. शेवटचा तुकडा काही केल्या जाईना, तर कागदी रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकायचे आणि कॉलनीतल्या लाल्या नावाच्या कुत्र्याला घालायचे. लाल्या उकिरड्यावर जगलेला कुत्रा. पहिल्यांदा त्यानं तो तुकडा हुंगला, माझ्याकडे बघितलं आणि मागं सरून बसला. दुसऱ्या खेपेला तो उठलादेखील नाही. कुत्रं ज्याला तोंड लावत नाही ते आपण पैसे देऊन गिळतोय, हे मला तेव्हाच समजलं होतं. पुढच्या गुरुवारी मी पुन्हा गेले.

घरी येताना आम्ही बायका नाक मुरडायचो, पण त्यांना सांगायला एकीचीही जीभ उचलत नसे. विधुर माणूस, एकटा राबतोय, त्याचं मन कोण मोडणार? माझी आई म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. अन्नाला नावं ठेवू नयेत असंही तीच म्हणायची, आणि मला तेवढंच सोयीचं होतं.

एक गोष्ट मात्र मला विचित्र वाटायची. ताटं उचलायला तिथं एक बाई होती, पण माझं ताट शेंडेभाऊ स्वतः न्यायचे. आत नेण्याआधी ते उजेडाकडे धरून निरखून बघायचे आणि मान हलवायचे. वाढतानाही माझं ताट आधी आणायचे आणि मी दोन-तीन घास खाईपर्यंत जवळपास रेंगाळायचे. मला वाटायचं, इंदूची मैत्रीण म्हणून माझा मान राखतात. खरं सांगायचं तर त्या मानानं मी सुखावायचे.

अशी तीन वर्षं गेली. मग केतकीला दिवस राहिले.

माझा मुलगा हर्षद आणि केतकी पुण्याला असायचे. आधी दोनदा तिचा गर्भ पडला होता, एकदा तिसऱ्या महिन्यात आणि एकदा पाचव्या. दुसऱ्या वेळी ती महिनाभर कुणाशी बोलत नव्हती. या खेपेला सातवा लागला तेव्हा आम्ही सगळ्यांनी श्वास सोडला. डॉक्टरांनी बजावलं होतं की हिला जपा, जिना नको, दगदग नको, बाहेरचं अबरचबर नको. डोहाळजेवण मात्र मी फलटणला करायचं ठरवलं. काय खावंसं वाटतं विचारलं तर ती लाजून म्हणाली, पिझ्झा.

ही गोष्ट मी नलूताईंना सांगितली, त्यांनी शेंडेभाऊंना सांगितली आणि संध्याकाळी शेंडेभाऊ दारात हजर. सूनबाईचं डोहाळजेवण माझ्याकडे होणार म्हणाले. इंदू असती तर तिनं आनंदानं केलं असतं, तिच्या माघारी मला करू द्या म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते. हर्षद मला आत बोलावून म्हणाला, की तिथलं तू मला काय काय सांगतेस, मी पुण्याहून चांगल्या ठिकाणचे पिझ्झे घेऊन येतो. मी त्याला गप्प केलं. एक दिवसाचा प्रश्न आहे, म्हटलं, सांगून ताजा माल आणवते. सांगणार काय होते? ताजा आणा म्हटलं तर रोजचा शिळा असतो असा अर्थ झाला असता. मी काहीही सांगितलं नाही.

तर असं ते एप्रिलमधलं दुपारचं डोहाळजेवण. बायकांनी हौसेनं पिझ्झाची दोन बंद खोकी केतकीपुढे ठेवली होती, एकात पेढे आणि एकात बर्फी. तिनं एक उघडलं, आत बर्फी निघाली. मुलगी होणार म्हणून सगळ्या हसल्या, नलूताईंनी तिची ओटी भरली. त्यानंतर तो पहिला पिझ्झा माझ्यासमोर आला.

मी घास गिळला. वर पाणी प्यायले आणि दुसरा घास घेतला. केतकी बघत होती. तिला वाटत होतं की वास तिलाच येतोय, कारण मी तसं सांगितलं होतं.

"तुम्ही खाताय ना, आई?" तिनं विचारलं.

"खातेय की. एवढ्या मायेनं केलंय, नाही म्हणू नये."

मी तिसरा घास घेतला तेव्हा शेंडेभाऊंनी वळून स्वयंपाकघराकडे हात केला. आतून ताटं यायला लागली. केतकीनं दोन तुकडे खाल्ले. दुसरा खाताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, तरी तिनं संपवला. ताटात काही टाकायचं नाही, हे एव्हाना तिलाही माझ्याकडून समजलं होतं. माझं ताट शेंडेभाऊंनी उजेडाकडे धरलं आणि मान हलवून आत नेलं.

पहाटे केतकी मोरीत बसली ती उठेना. उलट्या, जुलाब, आणि आठ वाजेपर्यंत पोटात कळा सुरू झाल्या. हर्षदनं तिला उचलून गाडीत घातलं. माझंही पोट ढवळून निघत होतं, पण मी कुणाला बोलले नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सलाइन लावलं, कळा थांबवायची इंजेक्शनं दिली आणि मला बाहेर बोलावून विचारलं की काल हिनं काय खाल्लं. अजून दोन महिने काढायचे आहेत, म्हणाल्या, आज बाळ बाहेर आलं तर मी हमी देणार नाही.

मी दुपारभर खुर्चीत बसून होते. नलूताईंचा फोन आला. त्यांना रात्रीपासून सात वेळा जावं लागलं होतं. मोजून अकरा बायका आडव्या होत्या. मी विचारलं, शेंडेभाऊंना कुणी कळवलं का? नलूताई म्हणाल्या, त्यांना कशाला, ते सकाळी विचारायला आले होते तर आम्ही सांगितलं, उन्हानं झालं असेल. त्या क्षणी मला आम्हा सगळ्यांची किळस आली. अंथरुणात पडल्या पडल्यासुद्धा आम्ही वळण सोडलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेंडेभाऊ चार शहाळी घेऊन दवाखान्यात आले. केतकीच्या कॉटभोवती पडदा ओढलेला होता, मी बाहेरच्या बाजूला स्टुलावर बसले होते. हर्षद औषधं आणायला गेला होता ते एका परीनं बरं झालं, नाहीतर त्यानं त्यांची गचांडी धरली असती. शेंडेभाऊंनी सुनेची चौकशी केली. बाळाचे ठोके आहेत म्हटल्यावर त्यांनी हात जोडले. मग बराच वेळ शहाळ्याच्या पिशवीशी चाळा करत राहिले.

"बाई, एक विचारू का? माझ्याकडचं काय बाधलं नसंल ना?"

मी केतकीच्या पडद्याकडे पाहिलं.

"न्हाई, तसं कसं असंल," ते स्वतःच म्हणाले. "तुमचं ताट तर लख्ख हुतं. मी बघितलं."

"माझ्या ताटाचा काय संबंध?" मी विचारलं.

त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि स्टूल ओढून जवळ बसले. "आता तुमच्यापासनं काय लपवायचं. मला वास येत न्हाई, बाई. कारखान्यात गंधकाच्या भट्टीवर एकवीस वर्षं काढली, नाक तिथंच गेलं. जिभंलाबी तिखट-मीठ सोडून काय कळत न्हाई. दुकान इंदूच्या नाकावर काढलं हुतं."

प्रत्येक पाकीट नाकाला लावणारी इंदू मला आठवली.

"जाताना तिनं मला सांगितलं, आता तुम्ही जगदाळे बाईंच्या पानाकडं बघत चला. त्या परीक्षक हायेत, त्यांना वाईट चालायचं न्हाई. तवापासनं तसंच करतो. जे चीज शंकेचं वाटंल ते आधी तुमच्या पानात घालायचं. तुम्ही खाल्लं की बाकीच्यांना वाढायचं. परवाबी लाइट लई गेली हुती, मला धाकधूक हुती. म्हणून तर तुमच्यापुढं आधी आणलं."

मला त्या माणसाचा संताप आला. शंका असताना चीज फेकून द्यायचं की माणसाच्या पोटात घालून बघायचं? तीन वर्षं त्यानं मला उंदरासारखं वापरलं होतं. पण संतापाच्या खाली दुसरंच काहीतरी वर येत होतं, परवाच्या घासासारखं, आणि ते गिळता येत नव्हतं. इंदूनं मरताना माझं नाव घेतलं होतं. मला कुणी आदरानं आधी वाढत नव्हतं. मला विचारलं जात होतं, दर गुरुवारी, आणि मी दर गुरुवारी ताट चाटूनपुसून उत्तर देत होते.

"शेंडेभाऊ," मी म्हटलं, "परवाच्या चीजला मोरीतल्या पोतेऱ्याचा वास येत होता."

शेंडेभाऊंनी मान वर केली. ते म्हणाले, "परवाच्याच?"

"नाही."

"मग कधीपासनं?"

"इंदू गेल्यापासून."

त्यांचा हात शहाळ्याच्या पिशवीवर होता तो तसाच राहिला. ते रडले नाहीत की रागावले नाहीत. उठून उभे राहिले, दाराशी गेले आणि तिथून वळले.

"मग पानात टाकलं का न्हाई, बाई?" त्यांनी विचारलं. "निस्ता एक तुकडा टाकला असता तर मला कळलं असतं."

ते गेले. मी पडदा सारून आत पाहिलं तर केतकी जागी होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं आणि भिंतीकडे तोंड केलं.

दुकानाचं शटर पुन्हा उघडलं नाही. शेंडेभाऊ मुलीकडे बारामतीला गेले आणि तिकडेच वारले, असं नलूताईंकडून कळलं. केतकीच्या कळा थांबल्या. पाच आठवडे ती पडून होती. ईरा वेळेआधीच जन्मली, पावणेदोन किलोची, पंधरा दिवस काचेच्या पेटीत राहिली. जगली. केतकी मला कधी एका शब्दानं बोलली नाही. पण ईराला मी काहीही भरवायला घेतलं की ती येऊन वाटी उचलायची, नाकाशी न्यायची आणि मगच माझ्या हातात परत द्यायची. दहा वर्षं मी हे पाहिलं आणि मला ते लागलंही. मात्र तिला बोलायला मला तोंड नव्हतं.

गेल्या दिवाळीत मी पुण्याला गेले होते. बारा वर्षांच्या ईरानं सकाळी पहिल्यांदाच स्वतः थालीपीठ लावलं. वर लोण्याचा गोळा घालून तिनं ते माझ्यापुढे ठेवलं आणि समोर हनुवटीला हात लावून बसली. केतकी ओट्याशी चहा गाळत होती. मी एक घास खाल्ला, दुसरा खाल्ला. वरून खरपूस, आत पीठ ओलं. हात सवयीनं तिसऱ्या घासाला गेला. तेवढ्यात मला दिसलं की केतकीनं गाळणं खाली ठेवलंय आणि ती बघतेय. माझ्या तोंडाकडे नव्हे, ताटाकडे.

मी ताट पुढे सरकवलं. "आतून कच्चं राहिलंय गं," मी म्हटलं.

ईराचं तोंड एवढंसं झालं. "आई, तू खाऊन बघ ना," ती म्हणाली. "आजी उगाच म्हणतेय."

केतकी टेबलाशी आली. तिनं ना घास मोडला ना वास घेतला. "आजी म्हणतेय ना," ती ईराला म्हणाली, "म्हणजे कच्चंच असणार." आणि माझ्या पानातलं उरलेलं थालीपीठ उचलून तिनं पुन्हा तव्यावर टाकलं.